वर्षाच्या बाळाच्या गमती आणि धास्ती: तुमच्याही सांगा

पाऊलवाट:
लेक परवा तेरा महिन्यांची झाली. चालत नाही अजून. रांगते मात्र अशी, की मी दुधावरचं झाकण काढून वळेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत पोचलेली असते. आज सकाळपासून कपाटाची किल्ली गायब आहे. शेवटची पाहिली ती हिच्याच हातात. किल्लीला माझ्या मुठीएवढा लाकडी गोळा अडकवलेला आहे, त्यामुळे गिळण्याची भीती नाही. पण घरातल्या घरात गेली कुठे? गादी उचलून झाली, चपला झटकून झाल्या, कचऱ्याचा डबा उपसून झाला. ती माझ्या मागोमाग रांगत होती आणि मी वाकले की तीही वाकून बघत होती, जसं काही तिचंच हरवलंय.

हे हसण्यावारी नेता येतं. गेल्या आठवड्यात जे झालं ते नाही नेता आलं, म्हणून खरं तर धागा काढलाय.

संध्याकाळी तिच्या हातातून चार्जरची वायर काढून घेतली. एवढंच. तिने रडायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, मुठी वळलेल्या, आणि रडणं आत कुठेतरी अडकून बसलेलं. ओठ निळे झाले. मी तिचं नाव घेऊन ओरडले, तोवर ती माझ्या हातात ओल्या कपड्यासारखी लुळी पडली. नवरा म्हणतो पंधरा-वीस सेकंद असतील. मला ती अख्खी संध्याकाळ वाटली. मग एकदम मोठा श्वास आणि मागोमाग भोकाड. तिचं रडणं कानाला इतकं गोड जन्माच्या दिवशी लागलं होतं, त्यानंतर आत्ता.

डॉक्टरांनी लगेच तपासलं, रक्त तपासायला दिलं. म्हणाले, काही मुलांचा रडता रडता श्वास रोखला जातो, ही फिट नाही. मी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत सगळं विसरले. तेव्हापासून तिला 'नको' म्हणायला जीभ रेटत नाही. कुणाच्या बाळाला झालंय का असं? आणि गमतीही लिहा, प्लीज. नुसती भीती वाचत बसायची ताकद नाही आज.

निळी छत्री:
ताई, आधी पाणी प्या. मी बालरोग विभागात परिचारिका आहे आणि माझ्या थोरल्याला हे दोन वर्षं होत होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे दिसतं. राग, दुखणं, दचकणं, यांतलं काहीतरी होतं, मूल रडायला लागतं, श्वास बाहेर टाकतं आणि आत घ्यायचा राहून जातो. ते मुद्दाम करत नाही, त्याच्या हातात नसतं. शुद्ध हरपली की शरीर आपला आपण श्वास घेतं. बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत सगळं पूर्ववत होतं आणि मेंदूला इजा होत नाही. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचं थांबतं.

त्या वेळी बाळाला कुशीवर आडवं करायचं, आजूबाजूचं टोकदार काही बाजूला सारायचं आणि घड्याळ बघायचं. हलवायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही. मिनिटभरानंतरही शुद्ध आली नाही किंवा श्वास सुरू झाला नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. न रडता, न चिडता, खेळता खेळता अचानक असं झालं तर तेही डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, कारण मग हृदयाची तपासणी करावी लागते.

रक्ताचं कारण सांगितलं का तुम्हाला? लोह कमी असेल तर हे झटके जास्त येतात. लोह भरून काढलं की पुष्कळ मुलांचे कमी होतात.

आणि शेवटचं, आईला आई म्हणून. 'नको' म्हणणं सोडू नका. वायर परत दिली असती तरी पुढचा हट्ट आलाच असता. मी पहिले सहा महिने लेकाला सगळं देत गेले आणि घरातलं कुणीच सुखी नव्हतं, तोसुद्धा.

जुळ्यांचा बाबा:
गमती मी पुरवतो. आमच्याकडे दोन आहेत, चौदा महिन्यांचे. थोरला (आठ मिनिटांनी) चमचा खाली टाकतो. धाकटी उतरून तो आणून देते. थोरला परत टाकतो. परवा मी मोजले, एकोणीस वेळा. विसाव्या वेळी धाकटीने चमचा उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवून वर बसली. थोरल्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आधी मी वैतागायचो. मग वाचलं, की ज्याँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांना तासन् तास बघून बालमनाबद्दलच्या वह्या भरल्या होत्या, आणि वर्ष ते दीड वर्षाच्या या टप्प्याला तो प्रयोग करणाऱ्याचं वय मानायचा. मूल वस्तू कधी वरून सोडतं, कधी बाजूने, कधी हळू, आणि कुठे पडते, कशी पडते ते बघतं. तेव्हापासून मी जेवताना थोरल्याकडे नीट बघतो. खरंच, चमचा सोडल्यावर तो माझ्याकडे बघत नाही, जमिनीकडे बघतो. माझ्याकडे नंतर बघतो, आवाज विरल्यावर.

चालण्याचं म्हणाल तर धाकटी साडेदहा महिन्यांना चालली. थोरला अजून सोफा धरून फिरतो. एकच घर, एकच जेवण, एकच दिवस जन्माचा. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये तक्ते काढले, त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने असा दिलाय. नऊ महिन्यांहून जास्त रुंद खिडकी! आणि त्याच अभ्यासातली 4.3 टक्के मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत. तेरा महिने म्हणजे तुमची लेक खिडकीच्या मधोमध उभी आहे.

रात्रपाळी:
उभं राहण्यावरून आठवलं. आमचा अकरा महिन्यांचा असताना तीन आठवडे रात्री दोनला उठून पाळण्याचा कठडा धरून उभा राहायचा आणि रडायचा. भूक नाही, ताप नाही, दात नाही. दर रात्री मी उचलायचे, थोपटायचे, ठेवायचे. वळेपर्यंत परत उभा. एका रात्री दिवा न लावता नुसती बघत राहिले. तो गुडघे किंचित वाकवायचा, खाली बघायचा, घाबरायचा, परत ताठ. तेव्हा डोक्यात उजेड पडला: त्याला उठता येत होतं, बसता येत नव्हतं!

दुसऱ्या दिवसापासून दिवसाउजेडी सराव. आवडतं खेळणं जमिनीवर ठेवायचं, एक हात त्याच्या कमरेला, आणि गुडघे वाकवून खाली. पाचव्या दिवशी रात्री दोनला आवाज आला, मी उठून बसले, आणि 'धप्'. मग शांत. मी काळोखात एकटीच टाळ्या वाजवल्या.

पाऊलवाट:
रात्रपाळी, नवऱ्याला वाचून दाखवलं. 'धप्' ला आम्ही दोघं हसलो आणि मग मला रडू आलं. का ते माहीत नाही.

रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन कमी आहे. लोहाचे थेंब सुरू केलेत. निळी छत्री, तुमच्या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट काढून फ्रिजवर लावलाय. काल परत रडली, श्वास अडकतोय असं वाटलं, मी कुशीवर घेतलं आणि घड्याळाकडे बघत बसले. चार सेकंदांत मोकळी झाली. माझे हात थरथरत होते पण काय करायचं ते ठाऊक होतं.

किल्ली नाही सापडली. कपाट बंद, तिचे सगळे नवे कपडे आत.

नातवाची आजी:
मुलींनो, मी रोज वाचते, आज लिहिते. लोहाचं निघालंय तर विचारते, दूध किती पाजतेस गं? माझ्या सुनेची तक्रार होती की हा जेवतच नाही. बघितलं तर दिवसभरात लिटरभर दूध जात होतं पोटात. पोट भरलेलं असताना कोण जेवेल? त्यात गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलं, तेव्हा कुठे ताटाकडे वळला.

आणि भूक कमी होणं हेही या वयाचंच आहे. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षातही त्याच वेगाने वाढलं तर उचलायला माणसं लागतील. वेग मंदावतो, म्हणून भूकही मंदावते. काय द्यायचं, कधी द्यायचं ते आपण ठरवावं. किती खायचं ते त्याला ठरवू द्यावं. वाटी घेऊन मागे धावू नका. मी धावलेय माझ्या लेकांच्या मागे, आणि जेवणाची वेळ म्हणजे आमच्या घरी भांडणाची वेळ झाली होती.

आता नातवाची गंमत. काल मी जमिनीवर बसले होते. हा जेवता जेवता थांबला, तोंडातला अर्धा चावलेला घास काढला, तो बोटांत धरून माझ्यापर्यंत रांगत आला आणि माझ्या ओठांना लावला. मी तोंड उघडेपर्यंत हटेना. एवढा आवडलेला घास कुणी मला दिला नव्हता बाई आजवर. खाल्ला.

घाईत:
पाऊलवाट, वॉकर घेऊन टाका. आमची त्यात बसून भराभर पळते. महिन्याभरात चालायला लागेल तुमची.

निळी छत्री:
घाईत, तुमच्या काळजीपोटीच लिहिते, राग मानू नका. चाकांचा वॉकर नको. त्यात मूल पायांच्या चवड्यांनी ढकलत जातं, तोल सांभाळायला शिकत नाही, त्यामुळे चालणं लवकर तर येत नाहीच. आणि तो वेग! जिन्यावरून वॉकरसकट खाली आलेली बाळं मी स्वतः उचलून घेतलीयेत. आई-बाबा त्याच खोलीत होते, दोन पावलांवर. कॅनडाने तर 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच आणली. बाळाला अनवाणी जमिनीवर सोडा, धरायला सोफ्याची कड द्या, बास.

घाईत:
आमच्याकडे जिना नाही. पण परवा त्यात बसून तिने टेबलाचं कापड ओढलं होतं, वर गरम चहा होता. थोडक्यात वाचलो. हे त्या वॉकरमुळे झालं असं डोक्यातच आलं नव्हतं. आज संध्याकाळी चाकं काढून फेकून देतो.

दूरचा बाबा:
मी कामासाठी वर्षातले निम्मे महिने घरापासून लांब असतो. लेक आता बारा महिन्यांची. रोज व्हिडिओ कॉल. एवढ्या लहान मुलांना स्क्रीन देऊच नये म्हणतात, मी विचारलं डॉक्टरांना. म्हणाल्या, कार्टून आणि समोर बसलेला बाप एक नाही, तुम्ही बोला तिच्याशी. मग बोलतो. ती फोनची काच चाटते. कधी मी बोलत असताना फोन उलटा करून मागे बघते, मी तिथे असेन म्हणून. बायको हसते. मलाही हसू येतं, आणि कॉल बंद झाल्यावर काही वेळ काही सुचत नाही.

गेल्या महिन्यात घरी गेलो. दार उघडलं, ती आईच्या कडेवर. मी हात पुढे केले आणि तिने आईच्या मानेत तोंड खुपसून जे रडायला सुरुवात केली. सात तासांचा प्रवास केला होता. बॅग तशीच दारात राहिली. फोनमधला बाबा तिला माहीत होता, दारातला एवढा मोठा, वास असलेला, आवाज असलेला माणूस तिने ओळखला नाही. आत जाऊन हात धुतले, खूप वेळ धुतले.

कुणाचं झालंय असं? पुढच्या आठवड्यात परत जातोय.

नातवाची आजी:
बाळा, ती तुला विसरलेली नाही. या वयात आई नजरेआड झाली तरी जीव कासावीस होतो, त्यात दारातून कुणी हात पुढे केले की आईपासून तोडायला आलंय असंच वाटतं. वर्षाच्या आसपास हे सगळ्यात जोरात असतं. या खेपेला हात पुढे करू नकोस. आत ये, बायकोशी बोल, जमिनीवर बस, बॅगेतून एखादी वस्तू काढून एकटाच खेळत बस. तिच्याकडे बघूही नकोस फार. ती येईल. आधी तुझी बॅग तपासायला येईल, मग तुला.

निळी छत्री:
आजींना शंभर टक्के अनुमोदन. आणि कॉलवर जे गाणं म्हणता किंवा जो आवाज काढता तोच जमिनीवर बसून काढा. चेहऱ्याआधी आवाजाची ओळख पटते पुष्कळदा.

अर्धी रात्र:
धास्तीचा एक अनुभव इथे नोंदवून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल. मुलगा सव्वा वर्षाचा. तीन दिवस ताप, 39.5 च्या खाली येईना. सर्दी नाही, खोकला नाही. दाखवून आलो होतो, पाणी देत राहा, लघवीवर लक्ष ठेवा, वजनानुसार तापाचं औषध द्या, एवढंच सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी ताप पूर्ण उतरला. देवासारखा दिवस वाटला. संध्याकाळी अंघोळीला सदरा काढला तर पोट, छाती, पाठ, सगळीकडे गुलाबी ठिपके. तसाच टॉवेलात गुंडाळून डॉक्टरांकडे पळत गेलो. त्यांनी पाहिलं आणि आधी आम्हाला बसायला सांगितलं. म्हणाले, हा रोझिओला, विषाणूचा ताप. ताप उतरतो तेव्हा पुरळ उठतं, म्हणजे आजार संपत आला. दोन दिवसांत ठिपके गेले. सहा महिने ते दोन वर्षं या वयात हा फार वेळा येतो म्हणे. कुणीतरी आधी सांगितलं असतं तर तेवढं पळालो नसतो. तरी दाखवलं असतंच. ताप असताना उठलेले ठिपके, किंवा काचेच्या पेल्याने दाबले तरी फिके न होणारे ठिपके असतील तर थांबायचंच नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं.

जुळ्यांचा बाबा:
त्यात भर. आमच्या धाकटीच्या लंगोटात बारीक काळे दोरे दिसले. जंत! फोटो काढला, डबीत नमुना घेतला, डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी विचारलं, केळं खाल्लं होतं का काल? होतं. दीड. केळ्याच्या मधला तो काळसर भाग पचून असा दोऱ्यांसारखा बाहेर येतो. बीट खाल्लं की लाल, पालक खाल्ला की हिरवं. पांढरं, किंवा काही न खाता काळं-लाल दिसलं तर मात्र दाखवा म्हणाले.

निळी छत्री:
एक गोष्ट मी कधीच हलक्यात घेऊ देत नाही, म्हणून पाऊलवाटच्या किल्लीच्या निमित्ताने लिहितेच. रिमोट, वजनकाटा, गाणारी खेळणी, यांत जे बटणासारखे चपटे सेल असतात त्यांची झाकणं आज बघा. स्क्रूने बंद नसतील तर चिकटपट्टी लावा. असा सेल घशाखाली अडकला तर दोन तासांत अन्ननलिकेला भाजल्यासारखी जखम करतो, आणि सुरुवातीला बाळ फक्त लाळ गाळतं किंवा जेवायला नको म्हणतं. नुसती शंका आली तरी ताबडतोब हॉस्पिटल, वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही.

आणि घास अडकण्याबद्दल: बाळ खोकतंय, आवाज येतोय, तोंड लाल झालंय, तर खोकू द्या, त्याचं ते बाहेर काढतं. आवाजच येत नसेल तर मात्र पुढे वाकवून पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, तळहाताने पाच थापा. मग पोटावर, बेंबीच्या वर, आत आणि वर असे पाच दाब. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाबायचं नाही, छातीच्या मधोमध दोन बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेने पाच दाब. दिसत नसलेल्या घासासाठी बोट घालायचं नाही, आणखी आत जातो. वाचून हे हातात येत नाही, प्रथमोपचाराचा वर्ग करा. द्राक्षं उभी चिरून द्या.

रात्रपाळी:
पाऊलवाट, किल्ली तिलाच विचारलीस का? हसू नकोस. आमच्याला बोलता एकच शब्द येतो, पण 'बूट आण' म्हटलं की आणतो, 'पंखा कुठाय' म्हटलं की वर बघतो. बोलण्यापेक्षा समजणं कितीतरी पुढे असतं या वयात. बोट दाखवायला लागलीये का ती?

पाऊलवाट:
दाखवते की! दिवा, पक्षी, माझं नाक. विचारायचं मात्र डोक्यातच आलं नाही. आता झोपलीये, उद्या विचारते.

दूरचा बाबा:
पोचलो. आजी, सांगितलंत तसं केलं. दारातून आत आलो, बायकोशी बोललो, जमिनीवर बसलो, बॅगेची चेन उघड-बंद करत राहिलो आणि फोनवर म्हणतो तेच गाणं पुटपुटत राहिलो. ती आईच्या पायामागून बघत होती. दहा मिनिटं. मग रांगत आली, बॅगेत हात घातला, माझा मोजा काढला. मोजा माझ्या मांडीवर ठेवला. परत गेली. परत आली. तिसऱ्या खेपेला माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि माझ्या डोक्याच्या मागे वाकून बघितलं, फोनच्या मागे बघते तशी. मी तिथेच होतो.

नातवाची आजी:
जीव भरून आला रे.

पाऊलवाट:
दूरचा बाबा, डोळे पुसत लिहितेय.

किल्ली सापडली! सकाळी तिला समोर बसवलं, कपाटाच्या कुलपावर बोट ठेवलं आणि विचारलं, "किल्ली कुठाय?" तिने कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही नाही. मी उठणार तेवढ्यात रांगत सुटली. बाहेरच्या खोलीत, सोफ्याजवळ, कोपऱ्यातल्या त्या मोठ्या उशीपाशी जाऊन थांबली. उशीच्या खोळीची चेन महिन्यापूर्वी तुटलीये. तिने उशीवर हात आपटला आणि बोट दाखवलं. खोळीत हात घातला तर किल्ली, एक चमचा, नवऱ्याचा मोजा, दोन कपड्यांचे चिमटे आणि माझा कंगवा, जो मी चार दिवस शोधत होते. एकेक वस्तू बाहेर काढली तशी ती प्रत्येकीला "आं!" म्हणाली.

किल्ली घेऊन मी उठले तर लगेच ओठ काढले, रडायला तोंड उघडलं. मी घड्याळाकडे बघितलं. श्वास घेतला तिने. मग म्हटलं, "नको, ही नाही द्यायची. चमचा घे." जरा वेळ रडली. मग चमचा घेतला आणि परत खोळीत नेऊन ठेवला.

चालत नाही अजून. कपाट उघडलंय, नवे कपडे तिला एव्हाना आखूड झालेत.